अमेरिकेत शेतीला नवी सुरुवात? माती सुधारण्याचा खर्च सरकारकडून कसा मिळवायचा

अमेरिकेत नोकरी सांभाळून पाच-दहा एकर जमीन घेणारी मराठी माणसं आता सहज भेटतात. कोणी भेंडी-मेथीचा मळा करतं, कोणी शेळ्या पाळतं, कोणी निवृत्तीनंतरची सोय म्हणून फळझाडं लावून ठेवतं. मातीत जीव आणणारी जी कामं आहेत, म्हणजे मुख्य पीक नसताना माती झाकण्यासाठी आच्छादन पीक पेरणं, नांगरट थांबवणं, कुरणाचे कप्पे पाडून जनावरं फिरवत चारणं, त्यांच्या खर्चातला मोठा वाटा इथलं केंद्र सरकार उचलतं आणि नवख्या शेतकऱ्यासाठी तो वाटा आणखी मोठा असतो. हे अनेकांच्या गावीही नसतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यातले बरेच जण क्रम चुकवतात आणि हातचे पैसे घालवतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगून टाकतो. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्याआधी काम सुरू केलंत, तर त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. कुंपणाचा पहिला खांब रोवला, पेरणीचा पहिला तास मारला, की ते काम यादीतून बाद. हंगाम निघून चालला असेल तर लवकर सुरू करण्याची परवानगी लेखी मागता येते. ती मिळाली तरी करार मंजूर होईलच असं नाही, जोखीम आपलीच. अर्ज केला म्हणजे झालं, असं समजून पेरायला धावू नका. पुढची प्रत्येक पायरी या एका नियमाच्या धाकात असते.

पैसा येतो कुठून

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागातली माती वाऱ्यावर उडून गेली. अति नांगरट, त्यात दुष्काळ, आणि मग महिनोन्‌महिने धुळीची वादळं. त्या धुळीतूनच १९३५ साली कृषी खात्यात माती वाचवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. ह्यू हॅमंड बेनेट हा तिचा पहिला प्रमुख. १९९४ साली तिचं नाव बदलून नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिस झालं. बोलताना सगळे एनआरसीएस म्हणतात, आपणही तेच म्हणू. बहुतेक काउंट्यांसाठी हिचं कार्यालय असतं, सहसा कृषी खात्याच्या ‘सर्व्हिस सेंटर’मध्ये, फार्म सर्व्हिस एजन्सीच्या शेजारच्या टेबलांवर. या दुसऱ्या एजन्सीला एफएसए म्हणतात. दोघींची कामं वेगळी आहेत आणि तुम्हाला दोघींकडेही जावं लागणार आहे.

एनआरसीएसची मुख्य योजना म्हणजे इक्विप, एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम. १९९६च्या शेतकी कायद्यातून ती आली. तिला ‘कॉस्ट-शेअर’ म्हणतात, म्हणजे खर्चात भागीदारी. पण प्रत्यक्षात तुमचं बिल बघून त्याची टक्केवारी काढली जात नाही. एनआरसीएस प्रत्येक राज्यासाठी दरवर्षी एक दरपत्रक काढते: अमुक काम, अमुक एककाला इतके डॉलर. एकराला, फुटाला, नगाला. हा दर त्या कामाच्या अंदाजित खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. नवख्या आणि वंचित गटातल्या शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत.

हिशोबापुरतं एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, खरे आकडे तुमच्या राज्याच्या दरपत्रकात बघा. एखाद्या कामाचा अंदाजित खर्च एकरी १०० डॉलर धरला आणि शेत १२ एकराचं असलं, तर नेहमीच्या शेतकऱ्याला एकरी ७५ प्रमाणे ९०० डॉलर मिळतील, नवख्याला एकरी ९० प्रमाणे १,०८०. आता तुम्ही शेजाऱ्याचं पेरणीयंत्र मागून आणलंत आणि काम एकरी ७० डॉलरमध्ये उरकलंत, तरी दर तोच. उलट माणसं लावून एकरी १५० डॉलर घालवलेत, तर वरचे पैसे तुमच्या खिशातून. थोडक्यात, अर्ज करण्याआधी दरपत्रक डाउनलोड करून आपला खरा खर्च कागदावर मांडा. काही कामं परवडतात, काही नाहीत, आणि हे करारानंतर कळून उपयोग नसतो.

तुम्ही कोणत्या गटात बसता

सरकारी भाषेत जास्त दराच्या हक्कदारांना ‘हिस्टॉरिकली अंडरसर्व्हड’ म्हणतात. जुने गट चार: नवखे शेतकरी, मर्यादित उत्पन्नाचे शेतकरी, माजी सैनिक शेतकरी आणि वर्ण किंवा वंशामुळे ज्यांना डावललं गेलं असे शेतकरी. या चौथ्या गटामागे कटू इतिहास आहे. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्ज आणि मदत देताना कृषी खात्याने भेदभाव केला, असा दावा त्यांनी न्यायालयात केला आणि १९९९ साली पिगफर्ड खटल्यात मोठी तडजोड झाली. या गटात आशियाई वंशाचे शेतकरीही येत, म्हणजे आपणही.

इथे एक बदल झाला आहे आणि जुने लेख वाचून फसू नका. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने जाहीर केलं की वंश किंवा लिंग यावर आधारलेली ही वर्गवारी यापुढे वापरली जाणार नाही. त्यामुळे ‘आपण आशियाई, म्हणजे जास्त दर मिळेलच’ हे गणित आता धरू नका. आपल्यातल्या बहुतेकांसाठी खरी वाट उरते ती नवख्या शेतकऱ्याची.

नवखा म्हणजे ज्याने आजवर शेती चालवलेलीच नाही, किंवा चालवली असली तरी सलग १० वर्षांपेक्षा जास्त नाही. वयाची अट नाही. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसणाराही नवखाच. पण दुसरी अट आहे: शेतीच्या रोजच्या कामात आणि निर्णयांत तुमचा खराखुरा सहभाग हवा. जमीन घेऊन पूर्ण कसायला दुसऱ्याला दिली आणि आपण शहरात राहिलात, तर हा दर्जा मागू नका. पती-पत्नी, भाऊ किंवा मित्रांनी मिळून एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली असेल, तर प्रत्येक सदस्य नवखा असला पाहिजे. पंचवीस वर्षं शेती केलेला एक भागीदार हौसेने घेतलात, की सगळी कंपनीच त्या गटाबाहेर. एलएलसी काढण्याआधी हे तपासा. नंतर कागद बदलणं जिकिरीचं होतं.

मग गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्यांचं काय? व्याख्या शेती ‘चालवण्याची’ आहे. वारसाने उताऱ्यावर नाव लागलं आणि तिथली शेती चुलते बघतात, तर ती तुम्ही चालवत नाही. पण इथे येण्याआधी खरंच पंधरा वर्षं ऊस केला असेल, तर ते दडवू नका. हा दर्जा तुम्ही स्वतः सही करून सांगत असता, आणि चुकीची माहिती पुढे महागात पडते.

व्हिसाचा मुद्दा वेगळा आणि जास्त नाजूक. एच-वन-बी वर असलेल्याला ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करता येतं. स्वतःची शेती चालवणं त्यात बसतं का, हा इमिग्रेशन वकिलाचा प्रश्न आहे, कृषी कार्यालयाचा नाही. एफएसएच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा आणि कायम वास्तव्याचा रकाना असतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर पुढे वाचा. नसेल तर आधी वकील, मग ट्रॅक्टर.

पहिली फेरी: एफएसएचं टेबल

अनेक जण थेट एनआरसीएसकडे जातात आणि तिथून एफएसएकडे पाठवले जातात. उलटं करा. आधी एफएसएकडून ‘फार्म नंबर’ आणि ‘ट्रॅक्ट नंबर’ घ्या. जमिनीला हा नंबर आधीच असू शकतो, जुन्या मालकाच्या नावाने. तेव्हा नुसती नोंद बदलावी लागते. सोबत न्यायची कागदपत्रं: खरेदीखत किंवा भाडेकरार, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर (एलएलसी असेल तर तिचा कर क्रमांक आणि स्थापनेचे कागद), बँक खात्याचा तपशील.

तिथे तीन फॉर्म भरून घेतात. एडी-१०२६ मध्ये तुम्ही लिहून देता की सहज धूप होणाऱ्या जमिनीवर विनानियोजन पीक घेणार नाही आणि पाणथळ जागा निचरा करून लागवडीखाली आणणार नाही. मागच्या कोपऱ्यातलं दलदलीचं डबकं बुजवायचा विचार असेल तर हा फॉर्म भरण्याआधीच विचारा, कारण तो एक उद्योग सगळ्या सरकारी लाभांवर पाणी सोडायला लावू शकतो. सीसीसी-९४१ उत्पन्नाचा: तीन वर्षांचं सरासरी समायोजित उत्पन्न ९ लाख डॉलरच्या आत हवं. सीसीसी-९०२ मध्ये शेती कोण चालवतं, जमीन कोणाची, पैसा कोणाचा, हे मांडायचं.

भाड्याच्या जमिनीवरही करार होतो. फक्त करार जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं जमीन तुमच्या ताब्यात राहील, हे दाखवता आलं पाहिजे. वर्षाला नूतनीकरण होणाऱ्या तोंडी भाड्यावर कोणी तीन वर्षांचा करार देणार नाही. मालकाशी आधी बोलून लेखी मुदत वाढवून घ्या. कुंपण, पाइपलाइन अशी पक्की कामं असतील तर मालकाची लेखी संमतीही लागते.

आणि एक छोटी गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. कार्यालयातून बाहेर पडताना ‘रिसीट फॉर सर्व्हिस’ मागा. तुम्ही कोणत्या दिवशी काय मागितलं आणि तुम्हाला काय उत्तर मिळालं, याची ती पावती असते. ‘तुम्ही असा अर्ज केलाच नव्हता’ असं उद्या कोणी म्हणालं, तर हाच कागद कामी येतो.

शेत बघायला बोलवा

आता एनआरसीएस. फोन करून शेत बघायला यायची विनंती करा. ही भेट फुकट असते, आणि योजना घ्या न घ्या, सल्ला मिळतोच. किमान एकरांची अट नाही. एक एकरवालाही बोलवू शकतो. २०२५ मध्ये बऱ्याच कार्यालयांतली माणसं कमी झाली, त्यामुळे भेटीसाठी थांबावं लागू शकतं. वाट बघत बसण्यापेक्षा तेवढ्यात अभ्यास करा. ‘वेब सॉइल सर्व्हे’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या शेताभोवती रेघ मारली की मातीचा प्रकार, उतार, निचरा, सगळं फुकट मिळतं.

या भेटीत बोलायचं कशावर, हे समजून घेतलं पाहिजे. आपण सहसा सुरुवात करतो ती ‘मला पॉलिटनेल हवाय’, ‘मला कुंपण हवंय’ अशी. अधिकाऱ्याच्या कागदावर मात्र पहिला रकाना असतो ‘रिसोर्स कन्सर्न’, म्हणजे जमिनीचं, पाण्याचं, जनावरांचं दुखणं काय आहे. धूप, माती घट्ट होणं, सेंद्रिय कर्ब कमी होणं, पाण्यात खत वाहून जाणं, कुरण खंगणं. दुखणं नोंदलं गेलं तरच त्यावरचं औषध मंजूर होतं. म्हणून शेत आधी स्वतः फिरून बघा. पाऊस पडल्यावर गढूळ पाणी कुठून वाहतं, कुठे पाणी दोन दिवस साचतं, कुठे पीक खुजं राहतं, याचे फोटो तारखेसह ठेवा. दोन वाळकी ढेकळं घ्या, एक पिकाच्या रांगेतलं आणि एक कडेच्या न नांगरलेल्या गवताखालचं. काचेच्या दोन बरण्यांत पाणी भरून जाळीच्या तुकड्यावर ती अलगद सोडा. रांगेतलं ढेकूळ मिनिटभरात फुटून पाणी चहासारखं होतं आणि गवताखालचं शाबूत राहतं, असं दिसलं, तर तुमच्या नांगरटीने काय केलंय ते अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. अधिकारी स्वतःही कुदळीने खोदून असंच काहीतरी बघतात.

कोणती कामं मागायची

प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो आणि कार्यालयात माणसं क्रमांकानेच बोलतात. ३४० म्हणजे आच्छादन पीक. ३२९ विनानांगरणी. ३२८ पिकांची फेरपालट. ४८४ आच्छादन, म्हणजे पेंढा-पाला पसरणं. ५९० खताचं नियोजन. ५२८ नियोजनबद्ध चराई; तिच्यासोबत ३८२ कुंपण आणि ६१४ जनावरांसाठी पाण्याची सोय हे दोन जोडीने येतात. ३१७ कंपोस्टची जागा. ३८१ कुरणात झाडं. ३२५ हाय टनेल, ज्याला आपण पॉलिटनेल म्हणतो.

हाय टनेलवर छोट्या शेतकऱ्यांची झुंबड असते, कारण त्यात रक्कम मोठी आणि वस्तू डोळ्यांना दिसणारी. पण त्यात पीक शेताच्या मातीतच घ्यायचं असतं. कुंड्यांची नर्सरी, गोदाम किंवा शेळ्यांचा गोठा केलात तर करार मोडतो. माझं मत विचाराल तर नवख्याने पहिल्या करारात ३४० आणि ३२९ किंवा ४८४ धरावेत आणि जनावरं असतील तर ५२८ची जोडी. पैसा थोडा असतो, पण काम आपल्या हातात राहतं आणि पुढच्या अर्जासाठी ‘याने केलेलं काम नीट झालं’ अशी ओळख तयार होते. बांधकामाची कामं दुसऱ्या करारात. कार्यालयातले लोक कदाचित वेगळं सांगतील. त्यांचं ऐकायला हरकत नाही.

ताग-धैंचा गाडलेल्या माणसाला आच्छादन पीक नवखं वाटायचं कारण नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे ताग फुलावर आला की नांगरून गाडतात; इथे विनानांगरणीसोबत ते पीक रोलरने आडवं करून जमिनीवरच ठेवतात आणि त्यातच पुढची लावण करतात. राय हे धान्य त्यासाठी लोकप्रिय आहे, कारण थंडी सोसतं. ते फुलोऱ्यात आल्यावर आडवं केलं तर मरतं, आधी केलं तर पुन्हा उभं राहतं. दुकानात मागताना ‘सिरिअल राय’ असं स्पष्ट मागा. रायग्रास वेगळं गवत आहे, आणि ते एकदा शेतात शिरलं की तण म्हणून निस्तरत बसावं लागतं.

अर्ज, गुण आणि वाट पाहणं

अर्जाचा फॉर्म सीपीए-१२००. तो वर्षभर कधीही देता येतो, पण राज्यातलं एनआरसीएस कार्यालय ठरावीक तारखेपर्यंत आलेले अर्ज एकत्र करून त्यांना गुण देतं. ती तारीख चुकली की पुढची फेरी. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे बहुतेक राज्यांतल्या तारखा शरद ऋतू ते हिवाळ्याच्या आसपास पडतात. नक्की तारीख काउंटी कार्यालयातच विचारा.

गुण देताना दुखणं किती गंभीर आहे आणि तुम्ही मागितलेल्या कामांनी ते किती बरं होईल, हे बघतात. त्यामुळे धुपीच्या उतारावर आच्छादन पीक, विनानांगरणी आणि फेरपालट असा एकत्र मागितलेला संच एकट्या कामापेक्षा वरचढ ठरतो. नवख्या शेतकऱ्यांसाठी कायद्यानेच इक्विपच्या निधीतला ५ टक्के भाग वेगळा काढलेला असतो. त्या गटात स्पर्धा आपल्यासारख्यांशीच असते, हजार एकरवाल्याशी नाही. म्हणून अर्जावर नवख्याच्या रकान्यात खूण केली आहे ना, हे दोनदा बघा.

पहिल्या फेरीत नंबर लागला नाही तर अर्ज पुढच्या वर्षासाठी तसाच ठेवता येतो. तसं कार्यालयाला कळवा. आणि कमी गुण कशात पडले ते विचारा. ते सांगतात. अपात्रच ठरवलं आणि ते चूक वाटत असेल, तर निर्णयाच्या पत्रात दाद मागायची पद्धत आणि मुदत लिहिलेली असते. नॅशनल अपील्स डिव्हिजन ही स्वतंत्र यंत्रणा त्यासाठी आहे, मुदत साधारण ३० दिवसांची. पत्र बाजूला ठेवून महिना गेला, की दार बंद.

करार वाचताना

कराराला एक तक्ता जोडलेला असतो: कोणतं काम, कोणत्या तुकड्यात, किती एकर, कोणत्या वर्षी, किती डॉलर. हा तक्ता म्हणजे खरा करार. सही करण्याआधी प्रत्येक ओळीतलं वर्ष स्वतःच्या सवडीशी ताडून बघा. नोकरीत बदली व्हायची शक्यता असेल, बाळंतपण असेल, आई-वडील तीन महिने येणार असतील, तर त्या हंगामातलं काम पुढच्या वर्षावर ढकला. सही झाल्यावरही बदल करता येतो, पण काम चुकायच्या आधी विचारलं तर. चुकल्यावर गेलात तर मिळालेले पैसे परत मागू शकतात, आणि वर दंडही.

काम संपलं, पैसे मिळाले, तरी जबाबदारी संपत नाही. प्रत्येक कामाचं आयुष्य ठरलेलं असतं. आच्छादन पिकाचं १ वर्ष, कुंपणाचं २० वर्षं. तेवढा काळ ते धड ठेवायचं. सहाव्या वर्षी जमीन विकायची झाली, तर विक्रीच्या बोलण्यातच हा विषय घ्या आणि कार्यालयालाही कळवा.

पेरणीच्या दिवशीची बारीक कामं

पैसे अडतात ते इथे. राज्याच्या प्रमाणपत्रकात बियाण्याचा एकरी दर दिलेला असतो, तो ‘शुद्ध जिवंत बियाणं’ या मापात. पोत्यावर शिवलेलं लेबल बघा: शुद्धता, उगवण, तणाचं बी, तपासणीची तारीख. शुद्धता ९८ टक्के आणि उगवण ८५ टक्के असेल, तर पोत्यातलं जिवंत बी ०.९८ गुणिले ०.८५, म्हणजे सुमारे ८३ टक्के. दर एकरी ६० पौंड शुद्ध जिवंत बियाण्याचा असेल तर पोत्यातलं ७२ पौंड टाकायला हवं. १२ एकराला ८६४ पौंड, ५० पौंडांची १८ पोती. हे गणित न करता सरळ ६० पौंडाने पेरलंत तर १५ पोत्यांत काम उरकतं, शेत हिरवं दिसतं, आणि तपासणीत माप कमी भरतं.

लेबलं फेकू नका. सगळी काढून, बिलासह, एका पाकिटात ठेवा. पेरणीची तारीख, कोणत्या तुकड्यात किती, यंत्राची कोणती सेटिंग, हे त्याच दिवशी वहीत लिहा. शेंगवर्गीय बियाणं असेल तर रायझोबियम (हवेतला नत्र धरणारे जिवाणू) चोळल्याचं लिहून त्याच्या पुडीचा फोटो. पेरल्यावर, उगवल्यावर आणि पीक मारण्याआधी एकाच जागेवरून फोटो. आच्छादन पिकाचं धान्य काढून विकायचं नसतं. चारायचं असेल तर आधी विचारून.

काम झालं की लगेच कळवा. अधिकारी येऊन बघतात, कधी फोटो-कागदांवरही भागतं, आणि मग रक्कम खात्यात जमा होते. म्हणजे मूळ व्यवहार असा की आधी खर्च तुमचा, नंतर पैसे त्यांचे. थोडक्या भांडवलाचा माणूस नेमका इथेच अडतो. त्यासाठी नवख्यांना एक सवलत आहे: कामाच्या रकमेचा किमान ५० टक्के भाग साहित्य किंवा ठेकेदारीसाठी आगाऊ मिळू शकतो. तो ९० दिवसांत खर्चावा लागतो, नाहीतर परत. वरच्या उदाहरणात १,०८० डॉलरपैकी ५४० आधी. ही सवलत हवी की नको ते करारावेळीच लिहून द्यायचं असतं. कोणी आठवण करून देईलच असं नाही, तेव्हा विषय आपणच काढावा. बाकी रकमेसाठी एफएसएचं ५० हजार डॉलरपर्यंतचं सूक्ष्म कर्ज आहे, पण चार पोती बियाण्यासाठी कर्जाच्या कागदांत पडण्यात अर्थ नाही.

वर्षअखेर १०९९-जी हा कागद येतो. मिळालेली रक्कम कराच्या हिशोबात दाखवावी लागते, सहसा शेड्यूल एफ या शेतीच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर. काही प्रकारची रक्कम आयकर कायद्याच्या कलम १२६ खाली उत्पन्नातून वगळता येते, आणि कलम १७५ खाली माती-पाण्यावरचा खर्च शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत वजा होतो. शेतीचे कर भरणारा हिशोबनीस शोधा. आयटीवाल्यांचे फॉर्म भरणाऱ्याला ही कलमं बहुधा ठाऊक नसतात.

इक्विपपलीकडे

काही वर्षं चांगली सवय लागल्यावर सीएसपी, म्हणजे कन्झर्व्हेशन स्ट्युअर्डशिप प्रोग्रॅम बघा. तो सगळ्या शेतासाठी ५ वर्षांचा करार असतो आणि आधीच चालू असलेल्या कामांनाही पैसे देतो. छोट्यांना पूर्वी त्यात फारसं काही पडत नसे. २०२४ पासून वर्षाची किमान रक्कम ४,००० डॉलर केली, आणि पाच-सात एकरवाल्यासाठी गणितच बदललं. डिसेंबर २०२५ मध्ये कृषी खात्याने रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीत पुन्हा जीव आणणाऱ्या शेतीसाठी ७० कोटी डॉलरचा पथदर्शी कार्यक्रमही जाहीर केला, तोही इक्विप आणि सीएसपीच्याच पैशांतून. भेटीत त्याबद्दल विचारा.

राज्यांच्या योजना वेगळ्या. कॅलिफोर्नियाचा हेल्दी सॉइल्स प्रोग्रॅम, मेरिलँडची आच्छादन पिकाची मदत ही ठळक नावं. देशभरात सुमारे ३,००० कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे माती-पाणी जपणारी स्थानिक मंडळं आहेत. अनेकांकडे पेरणीयंत्र भाड्याने मिळतं आणि ते अनुदानापेक्षाही उपयोगी पडतं. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या खर्चाचा ७५ टक्के भाग, ७५० डॉलरच्या मर्यादेत, परत देणारी स्वतंत्र योजना आहे. मात्र एकाच तुकड्यातल्या एकाच कामासाठी दोन केंद्रीय योजनांचे पैसे घेता येत नाहीत.

एक सावधगिरी. २०२२ साली सुरू झालेला ‘क्लायमेट-स्मार्ट कमोडिटीज’ हा ३ अब्ज डॉलरहून मोठा कार्यक्रम एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला. संस्थांमार्फत त्यात आलेले शेतकरी अधांतरी राहिले. म्हणून एखादी संस्था ‘आमच्यामार्फत पैसे मिळतील’ म्हणाली, तर करार कोणाशी आहे, पैसे त्यांच्या हातात आलेत की यायचेत आणि मधेच निधी थांबला तर तुमच्या झालेल्या खर्चाचं काय, ही तीन उत्तरं लेखी घ्या.

वेळापत्रकाचं बोलायचं तर शरदात पेरायचं असेल तर आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एफएसएकडे जा, पानगळीच्या आत शेताची भेट उरका, राज्याच्या तारखेआधी अर्ज द्या. निकाल वसंतात किंवा उन्हाळ्यात कळतो. सही झाली की मग बियाण्याची ऑर्डर; ऑगस्ट संपता संपता चांगलं राय दुकानांतून उडालेलं असतं.